पेडणेकर काकांची कारणं

आमच्या इमारतीत एखाद्याला सहल परवडत नसेल तर तो "मिक्सर बसत नाही" असं म्हणतो. अगदी सहज म्हणतो. मे महिन्यात गेटपाशी दोघीजणी बोलत असतात, एक सांगते, आम्ही केरळचं बघितलं हो, पण मिक्सर बसेना, आणि दुसरी समजून मान हलवते. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले भाडेकरूही असं बोलायला शिकले आहेत. हा मिक्सर कोणाचा, कुठून आला, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, पण मी सांगत नाही. सांगायला लागलो की पुढचंही सांगावं लागतं.

परवा पहिल्या मजल्यावरचा मुलगा बायकोला घेऊन माझ्याकडे आला. लग्नाला वर्ष झालंय. कुठल्याशा कंपनीने त्यांना हिमाचलची सहल हप्त्यांवर देऊ केली होती. मी सोसायटीचा सेक्रेटरी, नोकरी हिशेबनिसाची, म्हणून विचारायला आले. मी म्हटलं, परत आलात आणि दुसऱ्याच दिवशी मिक्सर बंद पडला, तर दुरुस्त करून घ्याल की पगाराची वाट बघाल? दोघं एकमेकांकडे बघून हसली. ती मुलगी म्हणाली, "अंकल, इथे सगळे हेच विचारतात."

ती दोघं गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. ते वाक्य पेडणेकर काकांचं. ते मी ज्या हक्काने वापरलं, तो हक्क मला उरलेला नाही.

पेडणेकर काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. परळची खोली विकून वसईला, एव्हरशाईन सिटीत आलेले. एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झाले होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि विजेचा टेस्टर. जिना चढताना वाटेतले उगाच जळणारे दिवे बंद करत जायचे आणि उतरताना एखादा लागत नसेल तर टेस्टर लावून बघायचे. कोणाच्या दारात उभे राहिले आणि बोलायला अवघड झालं, की पायाने पायपुसणं सरळ करायचे. ते सरळ असलं तरी करायचे.

काकी त्यांच्या अगदी उलट. मोठं हसणं, मोठा आवाज. तिसऱ्या मजल्यावर हसल्या तर गेटवरच्या वॉचमनला कळायचं. दर दिवाळीत भाऊबीज झाली की आमच्या इमारतीची दोन मुक्कामांची सहल निघायची, आणि बस सुटण्याआधी काकी सगळ्यांच्या डोक्यावर एकेक टपली मारत माणसं मोजायच्या. लहान पोर असो की बँकेतला मॅनेजर, टपली चुकायची नाही. शेवटची टपली ड्रायव्हरला. ती मारून झाली की म्हणायच्या, "हं, आता सोडा." त्याशिवाय गाडी हलायची नाही.

सहलीची सगळी जुळवाजुळव काका करायचे. पण बस ठरवणं, हॉटेल बघणं हा त्यांच्या कामाचा लहानसा भाग होता. मोठा भाग त्याच्या आधी, गणपती गेले की सुरू व्हायचा. ते घरोघर जायचे आणि दिवाणखान्यात बसायचे नाहीत. सरळ स्वयंपाकघरात स्टूल ओढायचे. नवऱ्याला काही विचारायचे नाहीत, बाईंशी बोलायचे. सहलीला किती लागतील हे बोलणं पाच मिनिटांत संपायचं. मग ते सहलीनंतरच्या महिन्यावर यायचे. फी कधी भरायची, गावी काय आहे, कोणाचं लग्न. "सहलीत माणूस सांभाळून खर्च करतो हो," ते म्हणायचे, "घात होतो तो आल्यावर." आणि शेवटी तो प्रश्न. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मिक्सर बंद पडला तर?

आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी ते आमच्याकडे आले. ईशा बालवाडीत होती, घराचा हप्ता नुकता सुरू झाला होता. मेघनाने, माझ्या बायकोने, माहेरी सांगूनही टाकलं होतं की आम्ही इमारतीतल्या लोकांबरोबर गणपतीपुळ्याला चाललोय. काकांनी मिक्सर विचारला तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. आमचा मिक्सर त्या आठवड्यात खरोखरच कुरकुरत होता. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रशांत, माझं एक काम करशील? यंदा टाकीवर थांबशील?"

टाकीवर थांबणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. निम्मी इमारत सहलीला गेलेली असते, म्हणून गच्चीवरची पाण्याची टाकी त्या दोन दिवसांत रिकामी करून धुवून घ्यायची. धुणारी माणसं येतात, त्यांना गच्चीचं कुलूप काढून द्यायचं, उभं राहून काम करून घ्यायचं, राहिलेल्या घरांना पाणी बंद असल्याचं सांगायचं, टँकर मागवून टाकी भरून घ्यायची. त्यासाठी एक घर मागे हवं. दुसऱ्या दिवशी गेटपाशी सगळे जमले तेव्हा काकांनी जाहीर केलं, "प्रशांतला मी ठेवून घेतलाय. यंदा टाकीचं अवघड काम आहे, शिकलेला माणूस पाहिजे." लोक माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की मला जरा ऐट आली. सहलीहून परतल्यावर प्रत्येक घराने आमच्यासाठी काहीतरी आणलं होतं. आंबापोळ्या, कोकमं, फणसाचे गरे. काकींनी ईशाला शंखशिंपल्यांचा मोर आणला. मेघनाने माहेरी फोन करून सांगितलं, यांच्यावर सोसायटीचं काम आलं ना, मग नाही जाता आलं.

टाकीत अवघड काही नव्हतं. दोन माणसांनी तासाभरात घासून टाकली.

दर वर्षी कोणीतरी टाकीवर असायचं. कोणाला थांबवायचं ते काका ठरवायचे, आणि नेहमी तंगीतलंच घर थांबतं असं कोणाला वाटू नये म्हणून मधूनच पैसेवाल्यांनाही थांबवायचे. कितीतरी वर्षं ते स्वतः थांबले. सहलीची एवढी हौस असलेला माणूस, बस वळणापर्यंत जाईतो हात हलवायचा आणि गच्चीच्या किल्ल्या घेऊन जिना चढायचा.

पुढे माझे दिवस बरे आले. एका वर्षी मी आपणहून पैसे भरायला गेलो तर काका म्हणाले, "तू यंदा थांब."

मी म्हटलं, "काका, आता बसतो हो माझा मिक्सर."

"बसतो म्हणूनच थांब. मीही आहे."

त्या वर्षी गच्चीवर, टाकीच्या सावलीत, काकींनी मागे ठेवलेला चिवडा खात त्यांनी मला कारणं शिकवली. कारण असं द्यावं की समोरच्याला मदतीला धावून येता येऊ नये. पाहुणे येणार म्हटलं तर लोक म्हणतात, त्यांनाही घेऊन या. रजा नाही म्हटलं तर म्हणतात, आम्ही बोलतो साहेबांशी. कारणामागे काम असावं. टाकी म्हटली तर टाकी धुतलीच पाहिजे, अगदी स्वच्छ. मग ते खोटं राहत नाही. मी ऐकत होतो आणि हसत होतो.

मग ते म्हणाले, "आणि एक. आजारपणाचं कारण कधी द्यायचं नाही. मी नाही देत. तोंडातून काढलं की घरात येतं ते."

हे मला माहीत होतं. त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. ते ऐकताना माझ्या हातात चिवड्याचा डबा होता, हेसुद्धा आठवतं.

ते कंजूष होते असं मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या मजल्यावर लोपीस सर राहायचे, निवृत्त शिक्षक. नंदाखाल बाजूचे, गावातलं घर भावांत वाटलं गेल्यावर इथे फ्लॅट घेऊन आलेले. बायकोला वेलंकनी मातेच्या दर्शनाला न्यायचं हे ते लग्नापासून म्हणत होते आणि दर वर्षी पुढच्या वर्षावर टाकत होते. काका त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. सगळं विचारून झालं, मिक्सरही विचारून झाला. मग म्हणाले, "लोपीस सर, तुमच्याकडे तीन मिक्सर बसतायत. कोणासाठी ठेवलेत?"

सर म्हणाले, म्हातारपण आहे, दुखणंखुपणं आहे.

"म्हातारपण आलं की. ते बघा, ओट्यापाशी उभंय."

लोपीस बाई पोळपाट टाकून हसायला लागल्या. तिकिटं काढायचं कबूल होईपर्यंत काका स्टुलावरून उठले नाहीत. पैसे असून न जाणं हीसुद्धा हिशेबातली चूकच, असं ते म्हणायचे. बाई परत आल्या त्या वेलंकनीच्या तीर्थाची छोटी बाटली घेऊन. काकींनी ती देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी ठेवली. ती शेवटपर्यंत तिथे होती.

आता मला पुढचं लिहायला हवं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर मी सेक्रेटरी झालो होतो आणि सहलीची बरीच कामं काकांनी माझ्यावर सोपवली होती. त्यांचा मुलगा संदीप पुण्याला असतो. त्याची नोकरी गेल्याचं आमच्या कानावर आलं होतं. त्याच सुमारास काकांच्या घरात काही बदल झाले. त्यांनी कामवाली बंद केली. भाजी, वाणसामान काकाच आणायला लागले, तेही थोडंथोडं. कोणाच्या बारशाला, सत्यनारायणाला दोघं यायचे बंद झाले. त्यांच्या दाराला आतून वरची कडी असायची. बेल वाजवली तर काका दार अर्धवट उघडून तिथेच उभे राहून बोलायचे. काकी जिन्यात कधी भेटल्याच तर हसायच्या, पण आमच्या ईशाचं नाव न घेता "बाळ कसं आहे?" विचारायच्या. बाळ तेव्हा बारावीत होतं.

यातली प्रत्येक गोष्ट मी पाहिली आणि प्रत्येकीवर एकच उत्तर लिहिलं. पैसे.

सहलीसाठी सगळे गेटपाशी जमलो तेव्हा काका म्हणाले, "यंदा आम्ही दोघं नाही. हिला बरं नसतं."

सहल सापुताऱ्याला जायची होती. त्या वर्षी टाकीवर तळमजल्याचं एक घर थांबणार होतं. त्यांची गरज काय होती हे काकांना आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. मी मनात जुळवलं, काकांना स्वतःसाठी टाकी हवी होती, पण त्यांनी ती त्या घराला दिली. आता त्यांच्याकडे कारण उरलं नाही म्हणून काकींच्या तब्येतीवर ढकललं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. इतकी वर्षं यांनी सगळ्यांची लाज राखली, आता यांची आपण राखू, असं मी मेघनाला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "पण काकी खरंच थोड्या वेगळ्या वाटतात." मी म्हटलं, काळजीने होतं तसं.

काका-काकींसाठी वर्गणी काढायला मी सहा-सात घरं फिरलो. सगळ्यांनी आनंदाने पैसे दिले. कोजागरीला गच्चीवर दूध आटवायला ठेवलं होतं. काका एकटेच वर आले होते, थोडा वेळ. खिशातून पेन काढताना त्यांच्या खिशातून काहीतरी पडलं. मी उचलून दिलं. गॅसच्या शेगडीचं बटण होतं. काका म्हणाले, "सैल झालंय, बघून आणायचंय." मला वाटलं, बघा, बटणसुद्धा नवीन घेत नाहीत.

मग मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पेडणेकर काका-काकींचे पैसे भरले आहेत, बसमधल्या पुढच्या दोन जागा त्यांच्या, आणि आता कुठलंही कारण चालणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोपीस सरांनी जवळ जाऊन त्यांचा हात हातात घेतला. काका हसले. दुधाचा पेला हातात तसाच धरून होते. त्यांच्याच शिकवणीतलं पहिलं वाक्य मी उलटं करून त्यांच्यावर चालवलं होतं. मदतीला धावून आलो होतो, आणि त्यांना कुठे सरकायला जागा ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. मी ऑफिसला निघालो होतो, एका कानाला फोन. सापुताऱ्याच्या हॉटेलवाल्याशीच बोलत होतो. मी खुणेने आत या म्हटलं. ते आले नाहीत. पायाने पायपुसणं सरळ केलं. फोन संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "प्रशांत, मी कारण दिलं होतं."

मी म्हटलं, "काका, तुमचाच मिक्सर या वेळी आम्ही तुम्हाला लावला. बसतोय. आता काही बोलू नका."

ते काहीतरी बोलणार होते. माझा फोन पुन्हा वाजला. त्यांनी पायपुसणं परत एकदा सरळ केलं आणि जिना चढून गेले. वरचा एक दिवा उगाच जळत होता, तो बंद न करता गेले. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, मी आजारपणाचं कारण देत नाही, तुला माहीत आहे ना. ते त्यांनी मला आठवण करून द्यायची गरज नव्हती.

सहलीला ते आले. वीस-पंचवीस जणांनी हात धरून नेल्यावर माणूस काय करणार. काकी खिडकीशी बसल्या, काका त्यांचा हात धरून. बस सुटायची वेळ झाली. सगळे काकींच्या टपलीची वाट बघत होते. काकी खिडकीबाहेर बघत राहिल्या. काका त्यांच्या कानाशी काही बोलले, त्या गोड हसल्या आणि बसून राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, काकी दमल्यात, सोडा हो गाडी. त्या दिवशी पहिल्यांदाच आमची बस न मोजता सुटली.

पहिला दिवस बरा गेला. तळ्याकाठी फिरलो, मुलांनी बोटीत बसून घेतलं. काका काकींना घेऊन लवकर खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हॉटेलच्या जेवणघरात नाश्त्याला बसलो होतो. काकी एकट्याच खाली आल्या. त्यांनी गाऊनवर साडी गुंडाळली होती, पदर पायांत येत होता, आणि हातात त्यांची प्रवासाची पिशवी होती. त्या दारात थांबल्या आणि एकेका टेबलाकडे बघत गेल्या. मग माझ्यापाशी येऊन हळू आवाजात, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या.

"भाऊ, मला वसईला सोडाल का? वरती एक गृहस्थ आहेत. चांगले आहेत, रात्री पांघरूण घातलं मला. पण मी त्यांना ओळखत नाही."

बोलणं हळू होतं, पण जेवणघर एकदम शांत झालं होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. एक मूल फिस्सकन हसलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. तेवढ्यात काका जिन्यावरून आले. डोकं ओलं, कानाला साबण, शर्टाची बटणं वर-खाली लागलेली. त्या शर्टाच्या खिशात पेनं नव्हती. त्यांनी हाक मारली, "सुलू." इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांना काकींचं नाव घेताना मी ऐकलं नव्हतं. काकी माझ्या खुर्चीमागे सरकल्या आणि त्यांनी माझ्या खांद्याला घट्ट धरलं.

मी काही केलं नाही. मला काय करावं कळलं नाही, असं मी नंतर मेघनाला सांगितलं. खरं म्हणजे मला कळलं होतं, एका क्षणात सगळं कळलं होतं. कामवाली, वरची कडी, शेगडीचं बटण. आणि मी खुर्चीवर बसून होतो.

काका आमच्याकडे आले नाहीत. मधेच थांबले आणि सगळ्यांकडे बघून, नेहमीच्या, गेटपाशी जाहीर करायच्या आवाजात म्हणाले, "पाणी बदललं की हिला असं होतं. एक-दोन दिवसांत उतरतं." कोणीतरी लगेच म्हणालं, हो हो, डोंगराचं पाणी बाधतं. सगळ्यांनी ते कारण घेतलं. मग काका माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रशांतने आग्रह केला म्हणून निदान बाहेर तरी पडलो आम्ही."

त्यांनी माझी लाज राखली. त्या अवस्थेत, कानाला साबण असताना, त्यांना ते सुचलं.

लोपीस बाई उठल्या, काकींना "चला, साडी नीट करून देते, मग वसईला जाऊ" म्हणून घेऊन गेल्या. आम्ही त्याच दुपारी परत निघालो. येताना कोणी भेंड्या लावल्या नाहीत. काकी मात्र मजेत होत्या, रस्त्यातल्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या.

घरी आल्यावर त्यांना घर ओळखू येईना. आपण अजून त्या हॉटेलातच आहोत असं त्यांच्या मनाने घेतलं. रोज दुपार कलली की पिशवी भरायच्या आणि घरी सोडा म्हणायच्या. डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या व्हायचंच होतं, सहलीचा तसा संबंध नाही. मेघना मला हे अजून सांगते. मी मान हलवतो. डॉक्टरांचं कारण चांगलं आहे, त्याच्यात मदतीला धावता येत नाही. पण सहलीच्या आधी त्या माणसाने दीड-दोन वर्षं एकट्याने सगळं झाकून ठेवलं होतं, आणि काकी इमारतीसाठी टपली मारणाऱ्या काकी होत्या. त्यानंतर त्या कोण झाल्या, ते मला जिन्यातल्या कुजबुजीतून रोज ऐकू यायचं.

मी एकदा वर गेलो. काकांनी या वेळी दार पूर्ण उघडलं, आता झाकायला काही नव्हतं. स्वयंपाकघरात नेलं, मला स्टुलावर बसवलं. खिशातून शेगडीचं बटण काढलं, बसवलं, चहा केला आणि बटण काढून परत खिशात टाकलं. पेनं आणि टेस्टर असायचे त्या खिशात. आतून काकी कोणाशी तरी बोलत होत्या.

मी म्हटलं, "काका, मला कळायला हवं होतं."

"तुला कसं कळणार?" ते म्हणाले. "मीच नीट सांगितलं नाही."

त्यांनी नीट सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी तेवढं म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी कप पुढे केला आणि विचारलं, तळमजल्याच्या घराने टाकी बरोबर धुवून घेतली ना, तळाला शेवाळ राहतं, हात घालून बघायला पाहिजे. मी हो म्हटलं. चहा पिऊन खाली आलो.

पुढे त्यांनी एक उपाय काढला. संध्याकाळी काकींनी पिशवी भरली की ते स्वतः चपला घालायचे, पिशवी उचलायचे आणि काकींना घेऊन निघायचे. आमच्या रस्त्याच्या टोकाला महापालिकेच्या बसचा थांबा आहे. तिथल्या बाकावर दोघं बसायचे. दोन-चार बस येऊन जायच्या. मग काका म्हणायचे, "चल, आपली आली." तिथून उठून एव्हरशाईनच्या दोन गल्ल्या फिरवून ते काकींना मागच्या गेटने इमारतीत आणायचे. जिना चढून दार उघडलं की म्हणायचे, "आलो बाई वसईला एकदाचे." आणि काकी आत जाऊन पिशवी ठेवायच्या, पाय धुवायच्या, हुश्श करायच्या. रोज घरी येण्यासाठी ते त्यांना रोज बाहेर काढत होते. गाठ पडेल तो त्यांना विचारायचा, कुठे निघालात? काका नाव घ्यायचे. आज नाशिक, आज कोल्हापूर. काकी खूश असायच्या.

होळीनंतर संदीप येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. काकांनी सगळ्यांना सांगितलं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आता चढवत नाही. पुण्याला मी अजून गेलेलो नाही. संदीपचा नंबर आहे. मुलीची ॲडमिशन, ऑडिटचे दिवस, असं काही ना काही असतं.

ते जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी स्कूटरवरून स्टेशनकडून येत होतो. ऊन उतरलं होतं. बाकावर दोघं बसले होते, मधे पिशवी. काकींनी चांगली साडी नेसली होती, काकांनी बहुतेक नेसवली असावी, निऱ्या जरा वर झाल्या होत्या. त्या महिन्यांत मी त्यांना पाहिलं की स्कूटर न थांबवता मान लववून पुढे जायचो. त्या दिवशी काकींनीच हात केला. मी थांबलो.

"येताय का?" त्यांनी विचारलं. "गाडीत जागा आहे."

काका खाली, आपल्या चपलांकडे बघत होते. इमारतीतले सगळे त्यांना "पुढच्या वेळी येतो हं काकी" म्हणायचे, आणि काकी मग पुढची वेळ कधी म्हणून तेच तेच विचारत बसायच्या. काकांना ते आवरणं जड जायचं, हे मी पाहिलं होतं.

मी म्हटलं, "आलो असतो काकी. पण टाकी धुवायची आहे. मी थांबतोय मागे."

काकींनी लगेच मान हलवली. टाकी त्यांना कुठून आठवली कोण जाणे. "मग काय तर," त्या म्हणाल्या, "घर मागे पाहिजेच एक. येताना तुम्हाला काहीतरी आणते."

काकांनी वर बघितलं. सापुताऱ्यापासून त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "तळाशी हात घालून बघ."

बस आली. ते उठले नाहीत, ती त्यांची नव्हती. मी स्कूटर घेऊन इमारतीत आलो आणि घरी न जाता गेटपाशीच उभं राहून टाकी धुणाऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी रजा काढली, गच्चीवर उभा राहिलो, टाकी रिकामी करून घेतली. टँकर माझ्या पैशाने मागवला. दिवाळीत धुतलेली टाकी मार्चमध्ये परत कशाला, ऐन पाण्याच्या तंगीत, म्हणून लोक खूप बोलले. सेक्रेटरीने कारण द्यावं अशी मागणी झाली.

मी म्हटलं, काम निघालं होतं. तळाशी मी हात घालून बघितला होता. शेवाळ नव्हतं.